गोष्ट सांगायची नाही, विचारायची : सोलापुरातला जर्मनचा तास

खडूफळा
मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर 'शाळेत परदेशी भाषा म्हणजे फी वाढवायचा नवा बहाणा' असा सूर लागला होता. त्यात एकांनी लिहिलं होतं की हल्ली बाई गोष्टी सांगतात, पोरं टाळ्या वाजवतात आणि वर्ष संपलं तरी गाडी 'गुटन मॉर्गन'च्या पुढे सरकत नाही. यातलं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हा धागा.

मी सोलापुरात पाचवी ते आठवीला जर्मन शिकवते. (शाळेचं नाव विचारू नये, व्यनित म्हणजे व्यक्तिगत निरोपातही नाही.) आठवड्याला मोजके तास, तेही बहुतेक मधल्या सुट्टीनंतरचे. मार्चमधलं सोलापूर ज्यांना माहीत आहे त्यांना त्या तासाची कल्पना येईल. पंखा फिरतो, हवा हलत नाही.

तर एका तासाला काय होतं ते सांगते. फळ्यावर तीनच गोष्टी लिहिते, शेजारी मराठीत अर्थ. 'हाट' म्हणजे जवळ आहे, 'विल' म्हणजे हवंय, 'गेट नाख' म्हणजे अमुक गावाला जातो. मग म्हणते, एस गिब्ट आइनेन एलेफांटेन. एक हत्ती आहे. हत्ती आहे की उंदीर? वर्ग ओरडतो, एलेफांट! उंदीर आहे का? नाइन! म्हणजे नाही. कुठे आहे हत्ती? इथे मी गप्प बसते, कारण ते मला खरंच माहीत नसतं. त्या दिवशी कुणी बर्लिन म्हणालं, कुणी चिडियाघर, शेवटी बहुमताने हत्ती सिद्धेश्वरच्या तळ्यात जाऊन बसला. त्याला चादर हवी. देर एलेफांट विल आइनं डेक्कं. हत्तीला चादर हवी की उंदराला? हत्तीला चादर हवी की पंखा? (पंखा मलाच हवा होता.) त्याच्याकडे चादर आहे का? नाही? मग तो कुठे जातो? बर्लिनला. तिथल्या दुकानदाराकडे चादर आहे, पण छोटी. म्युनिकला जातो, तिथे नुसते नॅपकिन. मग परत सोलापूर. इथे दुकानदार विचारतो, किती देऊ?

ज्या मुलाने तोवर तोंड उघडलं नव्हतं तो म्हणाला, सोळा. घरी यंत्रमाग असलेला मुलगा. एका चादरीत हत्तीचा कान तरी झाकेल का, हे त्याने हातवारे करून वर्गाला पटवलं, उठून फळ्यावर चौकोनाला चौकोन जोडून दाखवला आणि शिवण कुठून घालायची तेही सांगितलं. शिवणीचं मराठीत सांगितलं, मी चालवून घेतलं. 'सेखत्सेन', म्हणजे सोळा, मात्र त्याला चारचौघांसमोर पुन्हापुन्हा म्हणावं लागलं, कारण मी दर वेळी मुद्दाम चुकीचा आकडा सांगत होते.

आता पाहा, 'हाट आइनं डेक्कं' आणि 'विल आइनं डेक्कं' ही वाक्यं त्या तासात पोरांनी कितीतरी वेळा ऐकली. घोकंपट्टीच आहे ही. फरक एवढाच की त्यांच्या लेखी तास हत्तीच्या भांडणात गेला.

ही पद्धत माझी नाही. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात सॅन होजेला जेम्स ॲशर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. मूल आधी ऐकतं, अंगाने उत्तर देतं आणि बोलतं नंतर, हा त्यांचा मुद्दा. म्हणून ते 'उठा, दाराकडे जा, खुर्चीला हात लावा' अशा आज्ञा देऊन भाषा शिकवत. १९८०च्या आसपास स्टीफन क्रॅशन यांनी मांडलं की भाषा अंगी लागते ती समजेल असं ऐकून आणि वाचून, नियम पाठ करून नव्हे. मग कॅलिफोर्नियातलेच स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे यांनी या दोन्हींची सांगड घालून गोष्ट आणली, कारण नुसत्या आज्ञांवर माणूस किती दिवस भाषा शिकणार? 'टीपीआरएस' (टीचिंग प्रोफिशियन्सी थ्रू रीडिंग अँड स्टोरीटेलिंग) म्हणतात ती हीच. आधी अर्थ द्या, मग मुलांना विचारत गोष्ट रचा, मग तीच वाचायला द्या.

सगळा बिघाड या मधल्या पायरीवर होतो. बाई गोष्ट *सांगतात*. छान सांगतात, आवाज बदलून, बाहुल्या घेऊन, आणि स्वतःच्याच गोष्टीच्या प्रेमात पडतात. मुलं हावभावांवरून कथानक ओळखतात, भाषा कानावरून जाते. दुसरा बिघाड वेगाचा. आपल्याला वाटतं आपण सावकाश बोलतोय. मागच्या बाकावर जाऊन बसा म्हणजे कळेल. तिसरा म्हणजे, उत्तरं देणारी चार हुशार पोरं आणि त्यांच्यावर खूश होणारे आपण. मी वर्गातल्या सगळ्यात मागे पडणाऱ्या मुलाकडे बघून वेग ठरवते. त्याच्या डोळ्यांत धुकं आलं की नवा शब्द बंद.

दोन प्रश्न आहेत, त्यासाठीच लिहितेय. एक, अर्थ मराठीत लिहावा की नाही? जुनी 'डायरेक्ट मेथड' वर्गात मातृभाषा चालूच देत नाही, ही पद्धत देते. पण माझ्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं आहेत, त्यांचं काय? दोन, परीक्षेचं काय करता?

हुतात्मा_एक्सप्रेस
वाखूसा (वाचनखूण साठवली). सावकाश वाचतो.

आकडेमोड
लेख रंजक आहे, पण असहमत. माझी मुलगी अकरावीत आहे. जर्मन घेतलं ते स्कोअरिंग म्हणून, उगाच आव आणत नाही. पेपरात हत्ती येत नाही, आर्टिकल येतात. देर, दी, दास आणि त्यांच्या चार विभक्त्या. तक्ता पाठ असला की मार्क पडतात. गोष्टीत रमलेलं पोरगं 'एक'साठी 'आइनं' लिहायचं की 'आइनेन' इथे अडकलं की झालं. आमच्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरी, म्हणजे तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं, घोकून इंग्रजी केलं आणि साहेबाशी पत्रव्यवहार केला. त्यांचं काही अडलं नाही.

सातरस्ता
> साहेबाशी पत्रव्यवहार केला

पत्रव्यवहार केला हो. साहेब समोर आला की मात्र 'येस सर'. माझे आजोबा त्यातलेच.

पूर्वभाग
बाई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर बोलतो. मी अशोक चौकाकडचा. घरी तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, गल्लीच्या टोकाला उर्दू. आमच्यातलं पोरगं बालवाडीत जायच्या आधी तीन भाषांत भांडण करतंय, आणि शिकवलं कुणी? कुणीच नाही. शाळेत गेल्यावर त्याच पोराला सांगतात की भाषा लई अवघड असते, तक्ता पाठ कर. मग ते गप्प.

आता गंमत सांगतो. मी पुण्यात नोकरीला असताना हौसेने जर्मन केलं. इंग्रजी माध्यमातली मंडळी 'मला थंडी वाजते'ला 'इख बिन काल्ट' म्हणायची आणि मॅडम हसायच्या, कारण ते इंग्रजीवरून बेतलेलं वाक्य. बरोबर वाक्य 'मीर इस्ट काल्ट'. 'मीर' म्हणजे 'मला'. मराठीत 'मला', तेलुगूत 'नाकु', कन्नडात 'ननगे', उर्दूत 'मुझे'. सोलापुरातल्या चारी भाषांत थंडी *मला* वाजते, आणि जर्मनांनाही तशीच वाजते. तेव्हा वर्गात मराठी लिहिलेलं चालतंय की. घरी काय बोलूलालाव ते पण विचारा पोरांना. इंग्रजीतून जर्मन शिकवू नका एवढंच.

खडूफळा
@पूर्वभाग, हे मी उद्याच वर्गात वापरणार. हत्तीलाही असंच: देम एलेफांटेन इस्ट काल्ट. 'कारण' जोडलं की जर्मन क्रियापद शेवटी जातं, 'वाइल एर काइनं डेक्कं हाट', म्हणजे 'कारण त्याच्याकडे चादर नाही', तिथेही आपली मुलं अडखळत नाहीत. आपलं क्रियापद एरवीही शेवटीच असतं.

@आकडेमोड, तुमचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा आहेत. तिथलं बघून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की मुलांना फ्रेंच उत्तम समजतं, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरण कच्चं राहतं. म्हणजे ऐकणं पुरत नाही, स्वतः वाक्य जुळवायची वेळ त्यांच्यावर यावी लागते. म्हणून माझ्याकडे गोष्ट संपली की मुलं ती जोडीत एकमेकांना सांगतात, मग वहीत लिहितात. 'आइनेन' कुठून आलं, असं एखाद्याने विचारलं की अर्ध्या मिनिटात सांगते आणि गोष्ट पुढे नेते. तक्ताही देते, पण सहामाहीच्या जवळ. तोवर तक्त्यातले बरेचसे शब्द त्यांनी ऐकलेले असतात, तक्ता फक्त ते ओळीत लावतो. सुरुवातीलाच दिला तर तो रिकाम्या कप्प्यांचा असतो.

अनुस्वार
मी संस्कृत शिकवते, म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे हे भांडण जुनं आहे. शाळेत 'रामः रामौ रामाः' सात विभक्त्यांत घडाघडा म्हणणारी मुलगी 'पाणी दे' संस्कृतात म्हणू शकत नाही. दुसरीकडे संस्कृतभारतीची संभाषण शिबिरं. दहा दिवस, रोज दोन तास, पहिल्या मिनिटापासून संस्कृत. 'एतत् किम्? एतत् पुस्तकम्.' वस्तू उचलायची, विचारायचं, उत्तर आलं की तेच उलटं विचारायचं. तुमच्या हत्तीचीच चाल आहे ही.

फक्त एक अनुभव. शिबिर संपल्यावर उत्साह ओसरतो, कारण पुढे वाचायला त्या पातळीचं काही मिळत नाही. शिबिरातून उठून माणूस थेट कालिदासाकडे जातो आणि आपटतो. तुमच्याकडे जर्मनमध्ये तसं सोपं वाचन आहे का?

चौकस
हे सगळं ठीक, पण सरकारचा भरवसा काय? केंद्रीय विद्यालयांत जर्मन तिसरी भाषा म्हणून चाललं होतं, २०१४च्या नोव्हेंबरमध्ये चालू वर्षातच काढून टाकलं. नंतर २०२०च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिकला कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशी यादी आली. यादी छापायला शिक्षक लागत नाहीत. आणि महाराष्ट्रात तिसऱ्या भाषेवरून गेल्या वर्षी-दोन वर्षांत जे रामायण झालं...

संपादक
त्रिभाषा सूत्रासाठी वेगळा धागा आहे. तिकडे महाभारतही करा. इथे वर्गातलं बोलू.

स्टुटगार्टचा_सोलापूरकर
इथे राहून बरीच वर्षं झाली, तरी शेंगाचटणी अजून जुळे सोलापूरहूनच येते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून गावाकडून फोन वाढलेत. कुणाची भाची नर्सिंग करते, कुणाचा पुतण्या इलेक्ट्रिशियन. सगळ्यांचा प्रश्न एक, किती महिन्यांत होईल?

नर्सला इथे साधारण बी-टू (भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्यांतली चौथी) पातळी मागतात. सर्टिफिकेट घेऊन आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. कागद पक्का, तरी पहिल्या आठवड्यात वॉर्डमधली आजी काय म्हणते ते कळत नाही. आजी पुस्तकातलं जर्मन बोलत नाही, श्वेबिश ही इथली बोली बोलते, अर्धं वाक्य गिळते आणि वर चिडते. अशा वेळी जो 'म्हणजे तुम्हाला उशी हवी की पाणी?' असं लगेच विचारतो तो टिकतो. जो डोक्यात विभक्ती लावत बसतो त्याच्या हातून आजीही जाते आणि विभक्तीही.

'हे की ते' विचारण्याची सवय बाईंच्या वर्गात पाचवीपासून लागतेय. मला तरी हे मार्कांपेक्षा मोठं वाटतं. अर्थात मार्काशिवाय व्हिसा नाही, त्यामुळे @आकडेमोड यांची काळजीही योग्यच.

झेडपी_गुरुजी
मी अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर. जर्मन आमच्या स्वप्नातही नाही, पण आमच्या पोरांना इंग्रजी ही जर्मनइतकीच परकी. घरी कन्नड, पुस्तक मराठी, त्यात इंग्रजी तिसरी. म्हणून बोलतो.

आपल्याकडेच झालेलं एक काम इथे कुणी काढलं नाही याचं नवल वाटलं. एन. एस. प्रभू यांचा बंगळूर प्रकल्प, १९७९ ते १९८४. दक्षिणेतल्या साध्या शाळांत, भरगच्च वर्गांत, इंग्रजी शिकवायचं. पण व्याकरणाची यादी पुढ्यात नाही. रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं, नकाशा द्यायचा आणि विचारायचं: ही गाडी किती वाजता पोचेल? कोणत्या रस्त्याने जवळ पडेल? डोकं कोड्यात गुंतलं की भाषा मागच्या दाराने आत येते. परदेशातले भाषाशिक्षक आजही या प्रकल्पाचा दाखला देतात. आमच्या प्रशिक्षणांत मात्र मी त्याचं नाव ऐकलेलं नाही.

आणि गोष्टीचं म्हणाल तर गिजुभाई बधेका भावनगरला १९२०पासून बालमंदिरात गोष्टीवर शाळा चालवत होते. कॅलिफोर्नियाचा मान कॅलिफोर्नियाला, पण घरचं आधी सांगावं.

माझी अडचण वेगळी आहे. पहिली-दुसरी एकत्र, आवाज इतका की हत्ती असो की उंदीर, कुणाला ऐकू जाणार? तुम्ही वर्ग कसा आवरता?

भैय्याचौक
सोलापूर, शाळा आणि परदेशी भाषा एवढं बोललात आणि डॉ. कोटणीसांचं नाव नाही? आमच्या इथे त्यांचं स्मारक आहे, शाळांच्या सहली जातात. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथे चिनी शिकले, इतकं की वैद्यकीय शाळेत चिनीतून व्याख्यानं द्यायचे. लग्नही तिथेच. ९ डिसेंबर १९४२ला गेले तेव्हा वय अवघं ३२. म्हणजे चिनीसारखी भाषा चार वर्षांच्या आत, तीही युद्धाच्या धामधुमीत. कोणता तक्ता होता हो त्यांच्यापुढे? पेशंटशी बोलले, नर्सशी बोलले, झालं. भाषा माणसांत राहून येते. वर्गात काय हत्ती आणि काय घोडा, सगळं नाटक.

आकडेमोड
@भैय्याचौक, डॉक्टर माणूस, रात्रंदिवस चिनी कानावर. आमच्या पोरांना आठवड्याला चार तास. त्रैराशिक मांडा.

खडूफळा
त्रैराशिक अगदी बरोबर, आणि म्हणूनच नाटक लागतं. कोटणीसांभोवती एकच शब्द दिवसभरात वीस तोंडांतून यायचा. 'दुखतंय' हा शब्द त्यांना कुणी पाठ करायला दिला नसेल, तो दर खाटेवरून आला असेल. माझ्या वर्गात ती वीस तोंडं नाहीत. मग एकाच बाईने, पस्तीस मिनिटांत, तोच शब्द वीसदा आणायचा आणि मुलांना कंटाळा येऊ द्यायचा नाही, तर गोष्टीशिवाय दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही. पाठ्यपुस्तकात एक शब्द धडा तीनमध्ये येतो आणि पुन्हा धडा नऊमध्ये भेटतो. मधे दिवाळी होऊन जाते.

@अनुस्वार, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सोपी वाचनपुस्तकं जर्मनमध्ये आहेत, पण महाग आणि त्यांच्या घरातली: स्कीइंग, ख्रिसमस मार्केट, तळघरातलं भूत. म्हणून वर्गात रचलेली गोष्ट मीच घरी टाइप करते आणि त्यात थोडी लबाडी करते. आठवी अ ची गोष्ट आठवी ब ला वाचायला देते. शब्द तेच, घटना वेगळ्या. 'अ'च्या हत्तीने काय केलं याची 'ब'ला जाम उत्सुकता असते, आणि वाचून झाल्यावर नावं ठेवायला तर त्याहून. नावं जर्मनमध्ये ठेवायची, एवढीच अट. त्याच गोष्टीचे तीन पाठ करते: पहिला सहा-सात ओळींचा, दुसऱ्यात भर, तिसरा पानभर. कच्चं मूल पहिल्यावर थांबलं तरी गोष्ट त्याला पूर्ण कळलेली असते.

सातरस्ता
हे 'अ'ने 'ब'ला वाचायला देणं भारी आहे. आमच्या वेळी 'अ' आणि 'ब'मध्ये फक्त क्रिकेट आणि मारामारी.

आकडेमोड
ठीक. मूल्यमापन कसं करता तेवढं सांगा. 'डोळ्यांत धुकं' वगैरे सोडून, मोजता येईल असं.

खडूफळा
महिन्यातून एकदा पाच मिनिटं घड्याळ लावून लिहायला देते. फळा पुसलेला, वही बंद, फळ्यावरच्या चित्रावरून जे सुचेल ते. मुलं आपले शब्द स्वतः मोजतात आणि वहीच्या मागच्या पानावर आलेख काढतात. चुका मी त्यात लाल करत नाही, फक्त माझ्यासाठी टिपून ठेवते. बहुतेकांची एकच चूक निघाली की पुढच्या गोष्टीत ती रचना मुद्दाम घालते. ऐकण्यासाठी वेगळं: मी गोष्ट सावकाश वाचते, मुलं चार चौकटींत चित्र काढतात. चित्र चुकलं की कुठलं वाक्य कळलं नाही ते लगेच दिसतं. शाळेचा पेपर वेगळा, तो तुमच्याच पद्धतीचा असतो आणि त्याची तयारी शेवटच्या महिन्यात तुमच्याच पद्धतीने होते. त्यात कमीपणा मानत नाही.

आकडेमोड
आलेखाचं पटलं. बाकी मतभेद शिल्लक.

पूर्वभाग
चारी भाषांत शिल्लक ठेवा सर, चालतंय.

झेडपी_गुरुजी
बाई, माझा आवाजाचा प्रश्न राहिला.

खडूफळा
हो गुरुजी, मुद्दाम शेवटी ठेवला. तुमच्याकडे दोन इयत्ता एकत्र आहेत, तर दुसरीतल्यांना कामं वाटा. एक जण हत्ती, एक दुकानदार, एक चादर (चादर व्हायला सगळे तयार असतात), दोघं दार. बाकीच्यांना हाताच्या खुणा ठरवून द्या: 'हवंय'ला हात पुढे, 'नाही'ला आडवा, 'जातो'ला बोटांनी चालणं. तुम्ही इंग्रजीत वाक्य बोलायचं, त्यांनी तोंड न उघडता खूण करायची. ज्याची खूण चुकेल त्याला बाद करू नका, त्याच्यासाठी वाक्य पुन्हा बोला. पहिले पंधरा दिवस त्यांना बोलायला लावूच नका, ॲशर यांचं सगळं शास्त्र तेच आहे. आवाज आपोआप उतरतो, कारण तुमचं वाक्य ऐकल्याशिवाय खूण करता येत नाही. आणि सुरुवात हत्तीने करू नका. 'वॉन्ट', 'हॅव', 'गो' एवढ्या तीन शब्दांवर, त्यांच्याच गावातल्या एखाद्या शेळीवरून करा. शेळी कुणाची, ते त्यांना विचारा.

झेडपी_गुरुजी
शेळी कुणाची म्हणून विचारलं तर तास भांडणात जाईल. सोमवारी करून बघतो. कन्नडात भांडले तर 'गोट'चं 'आडु' करून खुणा त्याच ठेवतो.